गोदाबाईचा कागद

टिकारामचे टाके निघून अकरा दिवस झाले होते. खाटेवरून उठताना हात टेकावा लागत नव्हता, भात पोटभर जात होता, रात्री झोप लागत होती. माणूस बरा झाला म्हणजे घरी जातो. टिकारामला मात्र घरी सोडत नव्हते.

बालाघाटच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो आला तेव्हा बैलगाडीत आडवा होता. किरनापूरकडच्या एका गावात तो लोकांच्या घरांवरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचा. उतरताना शिडीवरून पाय घसरला, त्याने वळचणीच्या वाशाला लोंबकळून स्वतःला सावरलं, आणि जुना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, अडकून बसला. मोठे डॉक्टर त्या दिवशी जबलपूरला गेलेले. पोट उघडलं ते भोजराज मेश्राम नावाच्या तरुण डॉक्टरने, एकट्याने. भोजराज वारासिवनीच्या विणकाम करणाऱ्या घरातला, टिकारामच्याच समाजातला. शुद्धीवर आल्यावर टिकारामला पहिला आवाज ऐकू आला तो त्याचा. "जय भीम, काकाजी. वाचले तुम्ही."

म्हणून भोजराजने थांबा म्हटलं तेव्हा टिकारामला नाही म्हणता आलं नाही.

"आठ दिवस फक्त," भोजराज म्हणाला होता. "विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजातून साहेब लोक पाहणीला येणार आहेत. त्यांना पटलं तर इथं रेसिडेंट डॉक्टरांचं शिक्षण सुरू होईल. नवे डॉक्टर तीन वर्षं इथंच राहतील, काम करता करता शिकतील. पहिल्या तुकडीत माझं नाव आहे."

"चांगलंच आहे न मंग. पण त्यात माझं काय काम?"

"चाळीसच्या चाळीस खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत. पेशंट नसले तर शिकवणार कोणावर?"

"तर दुसऱ्या कोणाले निजवा इथं."

"यादी गेली ना, काकाजी. टाईप होऊन चार प्रती गेल्या. सतरा नंबर, टिकाराम, वय पंचावन्न, अंतर्गळ. यादी हातात धरूनच ते खाट पाहतील. नाव जुळलं नाही तर सगळंच खोटं वाटेल."

टिकाराम हौ म्हणाला. आठ दिवसांचं काय एवढं?

पण पाहणी एकदा पुढे गेली, कारण एका साहेबाच्या घरी लग्न निघालं. दुसऱ्यांदाही गेली, तेव्हा कारणसुद्धा कळलं नाही. फाटक दिवसभर उघडंच असायचं आणि कोणी अडवतही नव्हतं. मात्र टिकारामचं धोतर आणि सदरा गाठोडं बांधून कोठीत ठेवलेले होते, वर सतरा नंबरची चिठ्ठी, आणि किल्ली मोठ्या सिस्टरच्या कमरेला. अंगावर दवाखान्याचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा. असल्या पायजम्यात माणूस किरनापूरच्या गाडीत कसा बसणार? आणि बसला तरी भोजराजला तोंड कसं दाखवणार?

संध्याकाळी चार ते सहा व्हरांड्यात बायकांच्या वॉर्डातली माणसंही येऊन बसत. त्यात लांजीकडची गोदाबाई होती. पिशवीचं ऑपरेशन होऊन तिला महिना झालेला, यादीत तीही अडकलेली, खाट नंबर नऊ. तिचा नवरा पुनाराम दर दोन दिवसांनी तिला घ्यायला यायचा आणि रिकाम्या हाताने परत जायचा.

"आपण कोंडवाड्यातले ढोरं होऊन राह्यलो, भाऊ," गोदाबाई म्हणायची. "ढोराले तरी मालक येऊन सोडवते. माझा मालक येते, केळं खाऊन जाते."

पुनाराम हसायचा. टिकारामलाही हसू यायचं, पण पोटातलं हसू पोटातच राहायचं. घरी रुख्मा एकटी होती. पोरगी लग्न होऊन बिरसा गावाकडे गेलेली. शेजारचा महागू बाजाराच्या दिवशी वांगी घेऊन बालाघाटला यायचा, तोच तिचा निरोप आणायचा. पहिल्या वेळी निरोप होता, "पाहुणचार झाला असन तर घरी या म्हणा." दुसऱ्या वेळी, "कोंबडी बसली आहे खुडूक, पिल्लं पाह्याले तरी या." तिसऱ्या वेळी महागू म्हणाला, "खोकला येऊन राह्यला तिले. पण तुले सांगू नको म्हणे."

"मंग तू काहून सांगतं?"

"तिनं नको म्हटलं म्हणून."

टिकाराम त्या दिवशी भोजराजला शोधत गेला. भोजराज टेबलावर मान घालून कागद रंगवत होता. चाळीस पेशंट, प्रत्येकाचा इतिहास, तपासणी, ऑपरेशन, रोजची नोंद. डोळे लाल झालेले. टिकाराम दारातच म्हणाला, "जाऊन येऊ का दोन दिवस?" भोजराजने वर पाहिलं. "सोमवारी नक्की येत आहेत, काकाजी. तार आली. आज गुरुवार. सोमवारी संध्याकाळी मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देतो."

टिकाराम परत जाऊन खाटेवर बसला. गुरुवार ते सोमवार असे चार दिवस त्याने बोटांवर मोजले.

शनिवारी सकाळी महागूने रुख्माबाईलाच आणलं. ती गाडीतून स्वतः उतरली, पण चार पावलं चालून फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. श्वास घेताना तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. टिकाराम पट्ट्यांच्या पायजम्यात धावत गेला. त्याला तसा पाहून ती एवढ्या धापेतही म्हणाली, "हे काय घातलं तुमी? जेलातले कैदी दिसता."

भोजराजने तिच्या छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग म्हणाला, "न्यूमोनिया आहे. पेनिसिलिनच्या सुया द्याव्या लागतील, सकाळ-संध्याकाळ. पाच-सहा दिवसांत बऱ्या होतील."

"तर घे भरती करून."

खाट नव्हती. चाळीस खाटांवर चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी बरी झालेली. जमिनीवर गादी टाकायची सोय नव्हती, व्हरांडेसुद्धा चुन्याने रंगवून मोकळे ठेवले होते.

"माझी खाट दे तिले," टिकाराम म्हणाला. "मी कुठं बी निजीन."

"पुरुषांच्या वॉर्डात बाई कशी ठेवू? काकाजी, सरकारी दवाखान्यात न्या म्हटलं असतं, पण मला त्यांना माझ्या डोळ्यांसमोर ठेवायचं आहे."

गोदाबाई बाजूलाच उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझी खाट द्या न या बाईले. अन् नाव पाह्यजे तर माझं नाव बी ठेवून घ्या. तुमाले नावच पाह्यजे न? नाव राहू द्या इथं, मले जाऊ द्या घरी."

ती थट्टेने म्हणाली होती. भोजराज मात्र तिच्याकडे पाहतच राहिला. खाट भरलेली राहणार होती आणि नाव जुळणार होतं. आजारी बाईला खाट मिळणार होती, बरी बाई घरी जाणार होती. प्रश्न होता दोन दिवसांचा. सोमवारी संध्याकाळी नवा कागद करता येईल.

"चालेल," तो म्हणाला.

टिकारामला हलकं वाटलं. त्याला वाटलं, शिकलेला माणूस कसा मार्ग काढतो पाहा.

गोदाबाई तासाभरात लुगडं बदलून तयार झाली. रुख्माबाईला नऊ नंबरवर निजवलं. भोजराज वाकून तिला सांगत होता, "काकू, सोमवारी साहेब लोकांनी विचारलं तर नाव गोदाबाई सांगायचं. नवऱ्याचं नाव पुनाराम."

रुख्माबाईने डोळे उघडून टिकारामकडे पाहिलं. "तीस वर्षांत याहीचं नाव तोंडातून काढलं नाही. आता त्या परक्या माणसाचं कसं घेऊ?"

"घे वं माय," गोदाबाई गाठोडं बांधता बांधता म्हणाली. "नुसतं नावच घेऊन राह्यली तू. माणूस तर मीच घेऊन चालली."

दारात उभा असलेला पुनाराम लाजला. टिकाराम त्या दिवशी शेवटचं मोकळं हसला.

नऊ नंबरच्या खाटेला गोदाबाईचा कागद लटकत होता. त्यावर लिहिलं होतं: टाके काढले, जखम कोरडी, ताकदीच्या गोळ्या दिवसातून दोनदा. पेनिसिलिन त्यावर लिहिता येत नव्हतं. लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, टाके निघालेल्या बाईला हे कशाला? म्हणून भोजराजने ते शीला सिस्टरला तोंडी सांगितलं. शीला सिस्टर हुशार होती. तिने शनिवारी संध्याकाळी सुई दिली, रविवारी सकाळी दिली.

रविवारी दुपारी मोठ्या सिस्टरने सगळ्यांच्या पाळ्या बदलल्या. साहेब ऑपरेशनची खोली बारकाईने पाहणार म्हणून हुशार सिस्टर तिकडे नेल्या. शीलाला तडकाफडकी तिथली हत्यारं उकळायला लावलं, तोंडी हुकूम पुढे सांगायलाही वेळ मिळाला नाही, आणि बायकांच्या वॉर्डात एक नवी पोरगी आणली. ती पोरगी कागद वाचायची आणि कागदावर असेल ते द्यायची. तिला तसंच शिकवलं होतं, आणि त्यात तिची चूक नव्हती.

चार वाजता भेटीची घंटा झाली तसा टिकाराम रुख्माजवळ गेला. तिचा हात गरम होता.

"सुई दिली?"

"सकाळी दिली. आता गोळी दिली एक. काळीशी."

"सुई नाही दिली?"

"सुई संध्याकाळी देतील न. तुमी काहून काळजी करता? तुमी जेवले का?"

टिकाराम सहापर्यंत बसला. सुई आली नाही. घंटा झाली, आयाने पुरुषांना बाहेर काढलं. व्हरांड्यात भोजराज समोरून येत होता, हनुवटीपर्यंत फायली धरलेल्या, मागे कारकून. त्याने टिकारामला पाहिलं आणि थांबला.

"काय काकाजी? काही म्हणायचं आहे?"

टिकारामच्या मनात आलं, सांगावं. मग वाटलं, हा पोरगा दोन रात्री झोपला नाही. आपण कवेलू फेरणारे, आपण याला सुई कधी द्यायची ते शिकवणार? उशिरा देत असतील. औषध बदललं असेल.

"काही नाही," तो म्हणाला. "जा तू. काम कर."

सोमवारी सकाळी सहापासून खाटेवरून उठायचं नाही असा हुकूम होता. चादरी बदलल्या, फिनाईल टाकलं, प्रत्येकाच्या उशाशी कागद सरळ लावले. टिकाराम हात पोटावर ठेवून पडून होता. बायकांचा वॉर्ड भिंतीपलीकडेच होता. एखादी खोकली की त्याला वाटायचं ही रुख्माच. मग खोकला थांबला की वाटायचं, थांबला काहून?

साहेब लोक दहा वाजता आले. चौघे होते. भोजराज त्यांच्या मागे होता, कोट घातलेला, गळ्याला टाय. सतरा नंबरपाशी एक पांढऱ्या मिशांचे साहेब थांबले. यादी पाहिली, कागद पाहिला, पायजम्याची नाडी सैल करायला लावून व्रणावर बोट फिरवलं.

"किसने किया?"

"मी, सर," भोजराज म्हणाला.

"अकेले?"

"हो, सर."

"अच्छा किया है." मग टिकारामला, "अब कोई तकलीफ?"

तकलीफ भिंतीपलीकडे आहे, असं टिकारामच्या ओठांवर आलं. त्याने भोजराजकडे पाहिलं. भोजराजचा चेहरा दहावीचा निकाल ऐकायला उभ्या पोरासारखा झाला होता.

"नहीं साहेब," टिकाराम म्हणाला. "बरं आहे."

ते पुढे गेले. पुढचं टिकारामला नंतर चंपाबाई आयाने सांगितलं. नऊ नंबरपाशी साहेबांनी नाव विचारलं. रुख्माबाईने पुटपुटत गोदाबाई सांगितलं. मग त्यांनी सहज नवऱ्याचं नाव विचारलं. तिने मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा मान हलवली. साहेब हसले. म्हणाले, "हमारी माताजी भी नहीं लेती थीं," आणि दहा नंबरकडे वळले. तिचा श्वास कसा चालला आहे ते त्यांनी पाहिलं नाही. कागदावर ती बरी झालेली बाई होती.

साहेब लोक चहाला बसले तेव्हा चंपाबाई धावत पुरुषांच्या वॉर्डात आली. "टिकारामभाऊ, चला." तेवढंच म्हणाली.

टिकाराम गेला तेव्हा भोजराज तिथे पोहोचला होता. टाय खांद्यावरून मागे टाकलेली, हातात सुई. शीलाही होती, तिचा हात तोंडावर होता. नवी पोरगी भिंतीला टेकून सारखी म्हणत होती, "कागदावर नव्हतं. सर, कागदावर नव्हतं." सुया दोनच चुकल्या होत्या, रविवार संध्याकाळची आणि सोमवार सकाळची. दोन पुरल्या.

रुख्माबाईच्या नाकपुड्या आता फुलत नव्हत्या.

दुपारी कारकुनाने छापील कागद आणला. मृताचं नाव गोदाबाई. प्रेत ताब्यात घेणारा, नवरा, पुनाराम. खाली सहीची रेघ.

"हे मी नाही," टिकाराम म्हणाला.

भोजराजने कारकुनाला बाहेर पाठवलं. तो खाली बसला, टिकारामच्या पायाशी, फरशीवर. "काकाजी, साहेब अजून गेले नाहीत. आज नाव बदललं तर सगळं उघडं पडेल. मी जाईन त्याचं काही नाही. पण हे शिक्षणच सुरू होणार नाही. या जिल्ह्यात पुन्हा कोणी येणार नाही. मी मागून नीट करतो. शपथ घेतो."

धम्मदीक्षा घेतल्यानंतरच्या साली रात्रशाळेत टिकाराम सही शिकला होता. बाराखडी अर्धी विसरला पण नाव विसरला नव्हता. त्या दिवशी त्याने दुसऱ्याचं नाव लिहिलं. पुनाराम. 'पु' चा उकार त्याला दोनदा काढावा लागला. मग मोठ्या सिस्टरने कोठी उघडून त्याचं गाठोडं दिलं.

मागून काही नीट झालं नाही. मंजुरी आली, अशी बातमी महागूने बाजारातून आणली. गावच्या कोतवालाने रुख्माचं मरण लिहिलं नाही. दवाखान्यात मेली तर दवाखानाच लिहितो, म्हणाला. टिकारामने पोरीला खरं सांगितलं नाही. खाट मिळाली होती, सुया दिल्या होत्या, नशीब, एवढंच सांगितलं. रोज सहाच्या सुमाराला त्याला व्हरांडा दिसायचा आणि फायली धरलेला भोजराज. काय काकाजी? काही नाही. जा तू, काम कर.

जेठ महिन्यात तो पाटलाच्या गोठ्यावर कवेलू फेरत होता तेव्हा खालून कोणी हाक मारली. पाहिलं तर गोदाबाई, मागे पुनाराम.

"उतरा खाली, भाऊ. मेलेली बाई आली भेटाले."

तो उतरला. गोदाबाई थट्टेच्या सुरात बोलायला लागली, पण तिचा आवाज लगेच फाटला. "पोट दुखून राह्यलं म्हणून गेलती दवाखान्यात. खिडकीवरचा म्हणते, गोदाबाई पुनाराम लांजी, हे तर मेली. मी म्हटलं, मी उभी आहे न तुझ्यासमोर! तो म्हणते, कागद खोटा आहे का मंग? अन् हा माझा माणूस माझ्याकडं असा पाहे, जसं मी सांगाले पाह्यजे होतं मरताना."

पुनाराम खाली मान घालून उभा होता.

"मी नाव दिलं होतं, भाऊ, दोन दिवसांसाठी," गोदाबाई म्हणाली. "मरण्यासाठी नाही दिलं. आपल्या बायकोचं मरण तुमी मले देऊन टाकलं? तिच्याजवळ तेवढं तरी राहू द्याचं."

टिकारामने हातातला कवेलू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो बालाघाटला गेला.

दवाखान्याला नवी पाटी लागली होती. व्हरांड्यात कोट घातलेली सहा-सात पोरं धावपळ करत होती. भोजराज ड्युटीच्या खोलीत सापडला. तिथेच त्याची लोखंडी खाट होती, खाली पेटी, खिळ्याला टॉवेल. वाळलेला दिसत होता. टिकारामला पाहून तो उभा राहिला.

"काकाजी, मी येणार होतो. फाटकाबाहेर जाता येत नाही. रेसिडेंट म्हणजे चोवीस तास इथंच. सहा महिने वारासिवनीला गेलो नाही."

टिकाराम भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावली होती. त्याने ती एकेक अक्षर जोडत वाचली. 'औषध लिहूनच द्यावे. तोंडी सांगितलेले औषध ग्राह्य धरू नये.'

"हे तू लावलं?"

"हो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

"पण काहून लावलं, ते बी सांगतं?"

भोजराज खिळ्यावरचा टॉवेल सरळ करू लागला.

"गोदाबाई जित्ती आहे," टिकाराम म्हणाला. "तिच्या कागदावर माझी बायको मेली आहे. माझ्या बायकोचा कागदच नाही. लिही."

"काय लिहू?"

"त्या शनिवारी लिहाचं होतं ते."

भोजराज टेबलाशी बसला. त्याने कोरा कागद घेतला. रुख्माबाई, पती टिकाराम. वय टिकारामला विचारून घेतलं. छातीत न्यूमोनिया. पेनिसिलिन, सकाळ-संध्याकाळ. मग तो थांबला, आणि खाली हळूहळू लिहीत गेला: खाट कोणाची होती, नाव का बदललं, कोणत्या दोन वेळा सुई गेली नाही. खाली आपली सही केली. कागद टिकारामच्या हातात दिला.

"रविवारी तू व्हरांड्यात मले विचारलं होतं," टिकाराम म्हणाला. "मले माहीत होतं सुई आली नाही म्हणून. मी काही नाही म्हटलं. तेही लिही."

"काकाजी, ते कागदावर लिहायचं नसतं."

"मंग कुठं लिहतात?"

बाहेर कोणी तरी "मेश्राम सर" म्हणून हाक मारत होतं.

टिकारामने कागद परत टेबलावर ठेवला. "मले नको हा. घरी नेऊन मी काय करू? इथं राहू दे. गोदाबाईच्या कागदासंगं बांध अन् मोठ्या डॉक्टरले दे."

"दिला तर माझं हे सगळं..."

"हौ," टिकाराम म्हणाला. "मी वाचलो तुझ्या हातानं. ते मी विसरलो नाही. म्हणूनच सही केली होती. आता तुझी पाळी."

भोजराज उठला. कपाटातून एक जुनी फाईल काढली, त्यातला गोदाबाईचा कागद शोधला, दोन्हींना टाचणी लावली. दारात हाक मारणारा नवा डॉक्टर उभा होता. त्याला भोजराज म्हणाला, "दहा मिनिटं वॉर्ड सांभाळ." आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागला.

किरनापूरच्या गाडीची वेळ झाली होती. टिकाराम गेला नाही. मोठ्या डॉक्टरला रविवारचं आपल्या तोंडाने सांगायला तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. या वेळी त्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं.